न टोचणारा बूट : नागपूरला निघालो, सिवनीला थांबलो

राखी बांधून झाली आणि दादानं विचारलं, "बोल छोटी, काय पाहिजे?" मी म्हटलं, "साडी नको. माझ्यासोबत सायकलनं नागपूरला चल." हातातला पेढा तोंडात टाकत तो म्हणाला, "चलो!" एवढ्या चटकन कबूल होईल असं वाटलं नव्हतं, त्यामुळे पहिला धक्का मलाच बसला.

दादा पन्नाशी ओलांडलेला, सरकारी नोकरीत, लग्न न केलेला. जबलपूरच्या घमापुरात एकटा राहतो. मी राइट टाउनमध्ये राहते आणि शाळेत गणित शिकवते. रविवारी आम्ही भेडाघाटपर्यंत सायकल हाणतो, पण जबलपूर-नागपूर म्हणजे दोन दिवस खोगिरावर. जाणकारांनी सांगितलं, क्लिपलेस पेडल घ्या. नावावर जाऊ नका, यात बूट पेडलला चक्क अडकतो. बुटाच्या तळाला क्लीट नावाचा तुकडा बोल्टांनी बसवतात, तो पेडलमध्ये खट्‌कन बसतो आणि सुटायचं तर टाच बाहेर वळवायची. पाय घसरत नाही, चढावर जोर वाया जात नाही.

बुटांच्या किमती पाहून मी मोबाइलची काच पुसली, वाटलं एखादं शून्य चिकटलंय. नव्हतं. एवढ्या पैशांत आमच्या आईनं घरातल्या सगळ्यांना वर्षभर चपला घातल्या असत्या!

तुम्ही घेणार असाल तर ऐका. बूट दोन जातींचे. दोन बोल्टच्या क्लीटचे बूट जरा जड, पण क्लीट बुटाच्या तळात आत दडलेली असते, म्हणून ढाब्यावर माणसासारखं चालता येतं. तीन बोल्टचे हलके आणि कडक, जोर छान लागतो, पण फरशीवर पाय घसरतो. मी पहिले घेतले, तेही दोनदा परत पाठवून. आमच्या घराण्याचे पंजे फावड्याएवढे रुंद, कुठला ना कुठला बूट करंगळीला चावायचाच. दादानं तीन बोल्टचा, निमुळता, शर्यतीचा बूट घातला आणि पहिल्याच फटक्यात म्हणाला, "एकदम फिट. कुठंच टोचून नाही राहिला." मी तोच घालून पाहिला तर डोळ्यांत पाणी आलं. मला त्याचा भयंकर हेवा वाटला.

सरावाच्या पहिल्याच दिवशी मी घमापूरच्या बाजारात भाजीच्या गाडीपाशी थांबले, टाच वळवायची विसरले आणि सायकलसकट सावकाश आडवी झाले. भाजीवाला वाकून म्हणाला, "मैडम, उतरना भूल गईं क्या?" तेव्हा पेडलची स्प्रिंग सैल ठेवा, म्हणजे बूट चटकन सुटतो, आणि पहिले आठ दिवस मैदानात काढा.

ऑक्टोबर सरताना, उजाडायच्या आत निघालो. तिलवाऱ्याच्या पुलावर नर्मदेवर धुकं धरलं होतं. बरगीला पोहे-जलेबी खाल्ली. तिथं दादानं मोठ्या ऐटीत बूट उलटा करून दाखवला. क्लीटचा एक बोल्ट आदल्या दिवशी हरवला म्हणून त्यानं घरच्या डब्यातला, पंख्याचं काहीतरी बसवून उरलेला बोल्ट लावला होता. "थोडा लांब होता, पण बसला," म्हणाला. आम्ही दोघंही त्याच्या हुशारीवर खूश झालो.

पुढे रस्ता झकास, चौपदरी, कडेला सायकलीपुरती पट्टी. धूम्याच्या आसपास चढ आहेत, पाणी भरून घ्या. लखनादौनला डाल-रोटी स्वस्त आणि गरम मिळाली. तोवर माझे तळवे पेटले होते. मी बूट काढून पाय हवेत धरून बसले आणि दादा घसरत घसरत हात धुवून आला.

"काहून बसली अशी?"

"पाय जळताहेत. तुझे नाही दुखत?"

"काहीच नाही होऊन राहिलं. बूट निवडायची अक्कल पाहिजे, छोटी!"

मला इतका राग आला की छपारापर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. तिथं वैनगंगेच्या पुलापलीकडे सीताफळं घेतली, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

सिवनीला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. लॉजच्या दारात बूट काढून दादा काउंटरपाशी गेला आणि भाड्याची घासाघीस करू लागला. काउंटरमागच्या बाई त्याच्याकडे पाहतच नव्हत्या. त्या खाली पाहत होत्या.

"भैया, आपके पैर से खून आ रहा है।"

दारापासून काउंटरपर्यंत पांढऱ्या फरशीवर एकाच पायाचे लाल ठसे उमटले होते. दादा मागे वळून ते पाहत हसत म्हणाला, "काही सांडलं असेल." आणि आणखी दोन ठसे उमटवत माझ्याकडे आला. मी त्याचा बूट उचलून आत हात घातला तर बोटाला टोक लागलं. तो लांब बोल्ट बुटाचा तळ फोडून वर आला होता. जबलपूरपासून सिवनीपर्यंत पेडलच्या दर फेऱ्याला तो त्याच्या पायात घुसत होता आणि हा माणूस मला बूट निवडायची अक्कल शिकवत होता!

मी खाली बसून त्याचा मोजा ओढायला गेले तर त्यानं पाय मागे घेतला. जबलपुरात भाऊ बहिणीच्या पाया पडतो, बहिणीला आपल्या पायाला शिवू देत नाही. आमच्या मराठी घरानं ही रीत केव्हाच उचलली आहे. "पाप लावते काय मला?" तो म्हणाला. मी ओरडले, "पाय दे इकडे, नाहीतर इथंच बोंब मारीन!" आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या भावाचा तळवा पाहिला. अंगठ्याखाली भोक पडलं होतं. शेजारी जुन्या, काळ्या पडलेल्या फोडांच्या खुणा होत्या. त्याही त्याला ठाऊक नव्हत्या.

त्याला तिथल्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर भयंकर वाढलेली, आणि वाढून बरीच वर्षं झाली असावीत. मग त्यांनी दादाला डोळे मिटायला लावले. नायलॉनचा धागा तळव्याला लावणार, कळलं की हाँ म्हणायचं. त्यांनी अंगठ्याला लावला, बोटांना लावला, चवड्याला लावला. दर वेळी धागा वाकलेला मला दिसत होता. दादा शहाण्या मुलासारखा डोळे मिटून बसला होता. शेवटी म्हणाला, "डॉक्टर साहब, शुरू कीजिए न।"

मी बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले. तो बूट त्याला टोचला नाही, कारण साखरेनं पाय बधिर केले होते, टोचलेलं कळायची सोयच उरली नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जखम भरली नाही तर अंगठा जाईल, कदाचित त्याहून जास्त.

सायकली बसच्या टपावर बांधून आम्ही परतलो. दादाला मी घमापूरला जाऊ दिलं नाही. माझ्याच घरी रोज मलमपट्टी, इन्सुलिन आणि भांडणं. जखम हट्टी होती. थंडी सरता सरता ती भरली आणि इथल्या डॉक्टरांनी पाय वाचला असं सांगितलं.

सहलीतून काय उरलं म्हणाल तर ही एक धास्ती उरली. बूट निवडताना टोचला तर परत पाठवा. पण रुंद पायाला अरुंद बूट अजिबात टोचला नाही, तर आधी डॉक्टरकडे जा. निघण्यापूर्वी बुटात हात घालून पाहा आणि वाटेत थांबाल तिथं मोजे काढून एकमेकांचे तळवे बघा. रीतभात घरी ठेवा.

परवा दादा म्हणाला, "तो धाग्याचा खेळ कर न एकदा." त्यानं पाय माझ्या मांडीवर ठेवला, डोळे मिटले. मी धाग्याची गाठ सोडवत होते, तेवढ्यात तो म्हणाला, "हाँ. अंगठा."

"दादा, मी अजून लावला नाही."

त्यानं डोळे उघडले नाहीत. "मग लाव न," म्हणाला.

मी अंगठ्याला लावला, बोटांना लावला, चवड्याला लावला. तो गप्प. धागा सरकत सरकत टाचेला लागला आणि वाकला.

"हाँ," तो अगदी हळू म्हणाला, आणि डोळे उघडून माझ्या हाताकडे पाहायला लागला. "आता खरंच लावला होता न, छोटी?"