बक्षिसाच्या अलीकडची खुर्ची

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी महाडच्या बाजारात सुक्या बोंबलांचा भाव करत होते. "वन्सं, हे उठत नायत," एवढंच ती बोलली. सुनंदा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, शांतारामची बायको. बोंबील तिथेच टाकले आणि पोलादपूरची एसटी धरली. पोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबलं म्हणाले. त्याला ओटीवर आणून ठेवलं होतं, गाल नुकतीच दाढी केल्यासारखे गुळगुळीत. मला खरंच वाटलं, आत्ता डोळे उघडेल आणि म्हणेल, "आक्का, एका जागेने चुकलं गो..."

हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की त्याच्या नावासारखंच ते मला पाठ झालं होतं. आणि आज लिहायला बसलेय ती याच वाक्यापायी. त्याला जाऊन काही आठवडे झाले, रडू आता आटलंय. राग मात्र आटत नाही. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मग जित्या माणसाने तो राग ठेवायचा तरी कुठे, तेही सांगा.

आमचं माहेर कुडपणचं. वर पठारावर चार वाफे, नाचणी, वरी. शांताराम पोरवयातच मुंबईला गेला आणि एका जिमखान्यात पत्त्यांच्या खोलीत चहा द्यायच्या कामाला लागला. बड्या लोकांच्या खांद्यामागे उभं राहून तो पोकर शिकला. पुढे नोकरी सुटल्यावर पोलादपूरला येऊन त्याने हायवेला चहा-वड्याची गाडी टाकली, दोन्ही पोरं मुंबईत कामाला लागली, आणि मग वर्षातून दोन-तीनदा हा गोव्याला स्पर्धा खेळायला जायला लागला. सोबत महाडचा नझीर, टायरवाला.

या स्पर्धेचं असं असतं, मला त्यानेच समजावलेलं. सगळे सारखी फी भरतात, सगळ्यांना सारख्या रंगीत चकत्या मिळतात. ज्याच्या चकत्या संपल्या तो उठला. शंभर जण बसले तर शेवटच्या दहा-बारांना बक्षीस. आता त्या दहा-बारांच्या अगदी अलीकडे जो उठतो ना, त्याला काहीच नाही. दिवसभर डोकं पिकवून तो रिकामा, आणि तो उठला की बाकीचे टाळ्या वाजवतात, कारण तो गेला म्हणजे त्यांचं बक्षीस पक्कं झालं! त्या जागेला ते लोक बुडबुडा म्हणतात. फुटला की संपलं.

शांताराम प्रत्येक वेळी त्याच खुर्चीवरून उठायचा.

गोव्याहून येणाऱ्या बसला पोलादपूर आधी लागतं, महाड नंतर. हा स्वतःच्या घरावरून पुढे यायचा आणि सकाळी माझ्या दारात उभा. मला त्याचा केवढा अभिमान! बायकोआधी बहीण. मागच्या पडवीत बसायचा, मी भाकऱ्या थापायची, आणि हा एकेक पान उघडून सांगायचा. शेवटचं सांगितलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. हातात दोन राण्या. समोरच्याकडे एक्का आणि सत्ती. दोघांनी सगळ्या चकत्या पुढे लोटलेल्या. टेबलावर दोघांच्या सामाईक पाच पानांतली चार उघडली तरी राण्याच वरचढ. "आणि पाचवं पान आक्का... किल्वरचा एक्का. त्याची एक्क्यांची जोडी झाली, माझ्या राण्या मेल्या. त्या माणसाने हसून माझ्याकडे बघितलं पण नाय. टाळ्या वाजल्या. मी खुर्ची आत सरकवली. कुणीच आत सरकवत नाय गो, सगळे तशीच टाकून जातात."

माझा जीव तुटायचा. मी म्हणायची, "अरे, पंगतीत आपल्या पानापर्यंत येऊन वाढप्याची परात रिकामी होते, तसं हाय हे. वाढप्याचा दोष नाय, पानाचा नाय. बसल्या जागेचा दोष. पुढच्या पंगतीला बस." तो मान डोलवायचा, भाकरीने ताट पुसून खायचा आणि उजळल्या तोंडाने पोलादपूरला जायचा. आणि सुनंदा कुरकुरली की तिलाही मीच समजवायची, "थोडक्यात चुकतंय गो त्याचं. बक्षिसापासून लांब राहत असता तर मीच पाय बांधले असते त्याचे. जाऊ दे एकदा." ती काही बोलायची नाही. मला वाटायचं, पटलं.

माणसाचं थोडक्यात चुकावं तरी किती वेळा? मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. शेवटी मी त्याला कुडपणला घेऊन गेले, देवीला कौल लावायला. आमच्याकडे गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाकळी लावतो आणि प्रश्न मांडतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी प्रश्न दिला, बक्षिसाच्या दारातून माझा भाऊ मागे फिरतो, यात कुणाची वाईट नजर आहे काय? पाकळी हलेना. गुरवाने पुन्हा हाक घातली. हलेना. शेजारच्या बायका कुजबुजायला लागल्या.

गुरव म्हणाला, "आक्का, प्रश्नात कायतरी वाकडं हाय. नीट मांडा."

"नीटच तर मांडलाय! आता काय देवीला पत्ते शिकवू?"

सगळे हसले. मी प्रश्न फिरवला, उलटा केला, पुन्हा मांडला. शांताराम शेजारी हात जोडून उभा, डोळे मिटलेले. दोन्ही पाकळ्या आम्ही उतरेपर्यंत जागच्या जागी. "देवी पण विचारात पडली," तो वाटेत म्हणाला आणि माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

आता त्या मिटलेल्या डोळ्यांचं ऐका.

बारावं झाल्यावर नझीर माझ्याकडे महाडला भेटायला आला. खाली बसायला तयार नव्हता, मी बळेच बसवलं, चहा दिला. मला त्याच्या तोंडून तो शेवटचा डाव ऐकायचा होता. तिथे असलेलं दुसरं माणूस ते एकच. मी म्हटलं, "नझीर, त्या दोन राण्यांचं सांग रे. तुझ्या डोळ्यांदेखत झालं ना?"

नझीरने बशी खाली ठेवली. "आक्का, तुमाला शांताभावने काय सांगितलंय?"

मी सगळं सांगितलं. किल्वरच्या एक्क्यापर्यंत. खुर्चीसकट.

"तो डाव खरा हाय," तो म्हणाला. "पण तो हुबळीच्या एका दुकानदाराचा. शांताभाव तर जेवणाच्या सुट्टीआधीच बाहेर झाला होता. तो नेहमीच लवकर जायचा, आक्का. जरा बरे पत्ते दिसले की सगळं पुढे लोटायचा. दम नव्हता त्याला."

"आणि मग दिवसभर करायचा काय?"

"बघ्यांच्या दोरीमागे उभा. मी खेळत असलो तरी माझ्याकडे बघायचा नाय. बक्षिसाच्या अलीकडे कोण उठतो, त्याची वाट बघायचा. तो उठला की चहा घेऊन त्याच्यामागे बाहेर. शेजारी बसून सगळा डाव ऐकायचा. आणि त्याला म्हणायचा, माझी आक्का सांगते, बसल्या जागेचा दोष, पुढच्या पंगतीला बसा." नझीर जरा हसला. "माणसं ऐकायची. तो हुबळीवाला तर याचा हात सोडेना."

तुम्ही वाचणारे म्हणाल, किती चांगला माणूस! नझीरही तेच म्हणाला. मला तसं नाही वाटलं. कुणाकुणाची दुखणी गोळा करून याने माझ्या पडवीत आणून ओतली, माझं काळीज त्यांच्यासाठी कुरतडून घेतलं, आणि मी दिलेला शब्द पदराच्या गाठीतून सोडवून परक्यांना वाटला. मला एकदा म्हणाला असता, आक्का, मला नाय जमत, मी पैल्या झटक्यात उडतो... मी काय भाकरी दिली नसती? देवीच्या पुढ्यात मला खोटा प्रश्न विचारू दिला. ती मुकाट राहिली, हा पण मुकाट राहिला. देवीने निदान याच्यासारखी मान तरी डोलवली नाही.

त्या दिवसापासून त्याचं नाव माझ्या जिभेवर येईना. कुणी आठवण काढली की मी उठून आत जायची. शेवटी राहवेना म्हणून पोलादपूरला गेले. सुनंदा कोकमं वाळत घालत होती. मी उभ्या उभ्या सगळं ओकले. म्हटलं, "तुझी पण फसवणूक केली गो त्याने. माझ्या तोंडून केली."

तिने हात पुसले. "माझी कुठे, वन्सं? मला बसमधनं फोन करायचे. हरलो, आक्काकडे जाऊन येतो. बस. इतकंच."

"आणि मी तुला थोडक्यात चुकलं, थोडक्यात चुकलं सांगत होते तेव्हा?"

"तुमचा चेहरा बघवत नव्हता. बोलू काय?"

म्हणजे खरं तिच्याकडे आणि खोटं माझ्याकडे. मी थोरली बहीण, त्याला कडेवर घेऊन पठार चढलेली, आणि माझ्या वाट्याला परक्यांचे डाव! मी तिथेच पायरीवर बसले. म्हटलं, तूच नशीबवान.

सुनंदा पुन्हा कोकमं पसरायला लागली. म्हणाली, "नशीब कसलं? एक शब्द यायचा माझ्याकडे. त्यावर मी काय बोलणार? पाणी तापवून द्यायची, आंघोळ करायचे, गाडीवर जायचे. माझ्याकडे बसून त्यांनी कधी काय सांगितलंच नाय." मग कोकमं सोडून माझ्यासमोर येऊन बसली. "त्या राण्यांचं सांगा ना मला."

मी सुरुवात केली. "हुबळीचा एक दुकानदार होता..."

"तसं नको, वन्सं," ती म्हणाली. "त्यांचं म्हणून सांगा."

राग तसाच होता, अजूनही आहे, खोटं का बोलू! पण ती माझ्यासमोर मांडी घालून बसली होती, लाल हात मांडीवर उपडे ठेवून, पोर गोष्टीला बसतं तशी. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "तर ऐक. शांतारामच्या हातात दोन राण्या होत्या..."