अस्सलचा शिक्का

सह्या गोळा करणाऱ्याजवळ सह्या कमी अन् किस्से जास्त साठतात. माझ्या वह्या कवाच वाळवीनं खाल्ल्या, किस्से मात्र जात नाहीत. "मास्तर, ही सही खरी का खोटी, कोणाकडून तपासून घेऊ?" असं आजही कोणी विचारलं की मी हात जोडतो. थकलो रे बाबा!

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली होती. देऊळगाव राजात आम्ही तिघं या नादी लागलेलो. मी शाळेत मास्तर, वामन कंपाउंडर अन् सोनाजी पोस्टमन. आम्हा दोघांना नट, गवई, पुढारी कोणीही चालायचं. सोनाजीचा जीव मात्र एकाच सहीत अडकलेला. बाप तो रांगत असतानाच गेला. ना फोटो, ना काही. एका जुन्या वहीत बापाची सही, तेवढीच. अन् दुसरबीडचा चुलता म्हणायचा, "तुह्या बापाले अक्षर येत नव्हतं बे!"

तपासणारे होते विठ्ठलराव. रजिस्ट्री कचेरीत जन्मभर खरेदीखतं पाहून रिटायर झालेले. सही पटली की 'अस्सल' असा रबरी शिक्का मारायचे. फी एक कप चहा.

*

वामननं मुंबईच्या एका नटाला पत्र टाकलं. सहीवाला फोटो आला, विठ्ठलरावांनी शिक्का मारला. महिन्याभरानं मलाही तसाच फोटो आला. दोन्ही शेजारी ठेवले, तर शाईचा डागसुद्धा त्याच जागी! छापील होत्या हो सह्या! वामन दोन्ही घेऊन विठ्ठलरावांकडं गेला.

"आता काय म्हनता, काका?"

"दोन्ही अस्सल. हात बसेल आहे त्याचा, डागबी चुकत नाही!"

*

मग विठ्ठलरावांनी नियम काढला, सही खरेदीखतासारखी दोन साक्षीदारांसमोरच झाली पाहिजे. झालं! बालाजीच्या जत्रेत नाटक कंपनी आली. कंपनीच्या गवयानं वहीवर पेन टेकवला, तोच वामन त्याला बापाचं नाव, वय, धंदा विचारायला लागला. गवयानं पेन खाली ठेवला.

"अहो, सही घेता का वावर लिहून घेता?"

*

एका पुढाऱ्यानं जीपमध्ये बसल्या बसल्या आमच्यासमोर सही दिली. विठ्ठलराव म्हणाले, "बनावट. सरकारी कागदावर त्याची सही अशी नाही."

वामन म्हणाला, "काका, कागदावर त्याचा कारकून सही करते. साऱ्या तालुक्याले माहीत आहे!"

"मंग कारकुनाची अस्सल!"

मी डोकं धरून बसलो. घरी जाताना सोनाजीला म्हटलं, "बाकी काही कर, पण बापाची सही घेऊन या माणसाच्या नादी लागू नको. काहीही बोलते तो." ऐकेल तर शपथ.

*

दुसऱ्याच दिवशी सोनाजीनं वही त्यांच्यापुढं ठेवली. मीही होतो. विठ्ठलराव कधी नव्हे ते बराच वेळ पाहत राहिले. मागच्या पानांवरचा घरखर्चाचा हिशेब चाळला, पुन्हा सहीवर आले. चहा आला, तो तसाच निवला.

"घरात लिहिणारं दुसरं कोण होतं?"

"माय. थोडी शिकली होती. तिनंच तर ही वही मले देल्ली. औंदा गेली ती."

विठ्ठलरावांनी सावकाश शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली अन् वही मिटून त्याच्या हातात दिली.

"अस्सल आहे, सोनाजी. आता दुसऱ्या कोणाले दाखवू नको."