मशिनींची कव्हरं
नव्या प्लास्टिकचा उग्र वास आला की अजून माझं डोकं फिरतं. दहावीनंतर अकोल्याच्या एका सरकारी प्रशिक्षण केंद्रात मी शिवणकाम शिकायला जात होते. सरकारनं आम्हा मुलींसाठी विजेवर चालणाऱ्या नव्या कोऱ्या मशिनी पाठवल्या होत्या, पण सरांनी वर्षभर त्यांची कव्हरं काढू दिली नाहीत. "बिघडली तं कोन भरून देईन?" असं म्हणून ते आम्हाला कात्रीनं जुने पेपर कापायला बसवायचे. तपासणीच्या दिवशी मात्र त्यांनी स्वतः कव्हरं काढून कपाटामागे कोंबली आणि आम्हाला मशिनींसमोर ओळीनं बसवलं. "नुसत्या बसा, पायडलले पाय लावू नोका." तपासणीचे साहेब आले, दारातूनच "छान" म्हणाले आणि सरांबरोबर ऑफिसात कचोरी खायला गेले. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी कपाटामागून कव्हरं ओढली आणि त्यांच्यावर कात्री चालवली. मग बाकीच्या मुलीही उठल्या. सर परतले तेव्हा फरशीभर प्लास्टिकच्या पट्ट्या पडल्या होत्या. "काय करून राहिल्या पोरीहो?" ते ओरडले. मी म्हटलं, "कटिंगचं प्रॅक्टिकल, सर. तेवढंच तं शिकवलं तुमी आमाले." त्यांनी मला नापास केलं. पण नवी कव्हरं काही आली नाहीत, मशिनी उघड्याच राहिल्या. आता नांदगाव पेठच्या कपड्यांच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. नवी मशीन आली की मुली तिचं कव्हर अलगद काढून घडी घालायला जातात. मी त्यांना थांबवते आणि कात्री मागते.