महिपती कारकुनाचं इंग्रजी

लोणावळा स्टेशनात महिपती कारकुनाच्या इंग्रजीचा मोठा दबदबा होता. परंदवडीच्या शेतकऱ्याचा हा मुलगा इंग्रजी पाचवीपर्यंत शिकला आणि त्यातला कर्मणी प्रयोग तेवढा त्याने गाठीला बांधला. रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्या नथूने कंदील फोडला, की महिपती साहेबाला लिहायचा, ‘कंदील फुटलेला आढळला.’ फोडला कुणी, हे साहेबाला बारा वर्षांत कळलं नाही. कुणाची नोकरीही गेली नाही.

“भाऊ, तुमच्या कागदात समदं आपोआप हुतंय,” नथू म्हणायचा, “देवाच्या करनीवानी.”

घरी मात्र गेले आठ महिने महिपती एकटाच चूल फुंकत होता. बायकोच्या माहेराहून, कुरवंड्याहून, माणूस ऑफिसात येऊन सांगून गेला होता, “भिमाजीआबांचं काई खरं न्हाई, मुक्ताला धाडा.” जावईबापू तेव्हा घसरलेल्या डब्याचा रिपोर्ट रंगवत होते. निरोप आठवला तो दुसऱ्या दिवशी, जेवताना. मुक्ताबाई माहेरी पोचली तेव्हा बापाची माती होऊन गेली होती. ती परत आलीच नाही.

महिपतीने पत्रं धाडली. मुक्ताबाईला वाचता येत नव्हतं. गावचा मास्तर शाळेच्या ओट्यावर मोठ्याने वाची आणि अर्धं कुरवंडे ऐकायला बसे. ते डोळ्यांपुढे आलं की महिपतीचा हात आपसूक जुन्या वाटेला लागे. ‘निरोप वेळेवर पोचवला गेला नाही. दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.’

दोन पत्रांना उत्तर नाही. तिसरं नथू स्वतः घेऊन गेला.

“काय म्हनली?”

“म्हनली, दिलगिरी पावली. पर निरोप इसरलं कोन, त्ये मास्तरला काई घावंना.”

रविवारी महिपती डोंगर चढून गेला. मुक्ताबाई अंगणात नाचणी पाखडत होती. त्याची सासू झुंबरबाई, मास्तर आणि चार म्हातारे समोरच बसलेले. तिने मान वर केली नाही.

“मी इसरलो,” महिपती म्हणाला. “लिवत बसलो, आन् इसरलो.”

सूप थांबलं.

“आबा सारकं दाराकडं बगत हुते,” ती म्हणाली. मग आत जाऊन तिने त्याला पाणी आणि भाकरी आणून दिली.

“येतीस?”

“आत्ता न्हाई.”

‘आत्ता’ हा शब्द खिशातल्या अंड्यासारखा जपत तो एकटाच डोंगर उतरला. संध्याकाळी त्याच विचारात चुलीवरचा भात करपला. कुणी करपवला, हे विचारायलाही घरात कुणी नव्हतं.