कॅरिअरवरचे बाबा

माझे बाबा झाशीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. सकाळचा भोंगा व्हायच्या आधी आमच्या कॉलनीतून सायकलींचा लोंढा निघायचा आणि त्यात बाबा कुठले, हे मला नुसत्या पाठीवरून कळायचं. मान थोडी डावीकडे कललेली, कॅरिअरला डबा.

आई सांगलीकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला हिंदीतलं ‘जी’ तेवढं येत होतं, असं बाबा चिडवायचे. तीच पुढे हिंदीत शिवण शिकवायला लागली, मानिक चौकाजवळच्या मुलींच्या एका शाळेत. शाळा घरापासून लांब. जायला टेंपो, आणि त्या वेळचे आमच्याकडचे टेंपो म्हणजे नुसता काळा धूर. पुढे भैया लोक लटकलेले, मागे बायका एकमेकींच्या मांडीवर. आईला दमा होता. पदर नाकाशी धरून ती कशीबशी जायची आणि शाळेत पोचली की खोकत बसायची. एक दिवस वर्गात तिला इतका खोकला लागला की पोरी घाबरून रडायला लागल्या.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, “मी नोकरी सोडते.”

बाबा चहा पीत होते. “नोकरी कशाला? टेंपो सोड. सायकल शीक.”

आई हसली. मग ते हसत नाहीयेत हे तिच्या लक्षात आलं. “अहो, अडतिशी आली माझी.”

“मग? सायकल कुठे वय विचारते?”

बाबांनी कुठूनशी एक जुनी लेडीज सायकल आणली. रविवारभर अंगणात तिचे सगळे भाग मांडून बसले, घासले, रंगवले. साडी चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी लावली. मी आणि धाकटा भाऊ फडकी धरून बाजूला. घरात काहीतरी मोठं घडणार असल्यासारखं वाटत होतं.

कॉलनीमागच्या मैदानावर उजाडता उजाडता शिकवणी चालायची. बाबा कॅरिअर धरून मागे पळायचे. पहिल्याच दिवशी आई ओरडली, “धरू नका हो! तुम्ही धरलंत की माझं सगळं लक्ष मागे जातं.” बाबांनी हात काढला आणि ती सरळ बेशरमच्या झुडपांत गेली. उठली, साडी झटकली, पुन्हा बसली. शेजारच्या कानपूरच्या भाभीजी दारात उभं राहून बघायच्या. “बहनजी, इस उमर में हड्डी टूटी तो जुड़ेगी नहीं,” असं त्या काळजीनंच म्हणायच्या. आईची हाडं शाबूत राहिली. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती सायकलवरून शाळेत गेली. चढाला उतरून चालायची, मानिक चौकातल्या गल्ल्यांत गायी आणि हातगाड्या आल्या की घंटी वाजवत थांबायची. येताना हॅण्डलला भाजीची पिशवी. खोकला पुरता गेला नाही, पण वर्गात पोरींना रडू येईल असा पुन्हा कधी झाला नाही. मे महिन्यात लू सुटली की ओला पंचा कानाला बांधून निघायची, आणि भाऊ म्हणायचा, “आई डाकू दिसते.”

हाड मोडलं ते बाबांचं. कारखान्यात तेलावरून पाय घसरला आणि उजवा हात मनगटापाशी गेला. घरी बसून ते इतके कंटाळले की डॉक्टरांच्या मागे लागून त्यांनी बसून करायचं हलकं काम मागून घेतलं. आता जायचं कसं? टेंपोच्या गर्दीत प्लास्टरला धक्के बसायचे, ते पांढरेफटक होऊन घरी यायचे.

आई म्हणाली, “कारखाना माझ्या वाटेवरच आहे. मी सोडते.”

“कॅरिअरवर?”

“नाहीतर काय, डोक्यावर?”

“अगं, लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, बायको सोडायला आली. खोटं आहे का त्यात?”

बाबा बसले. एका बाजूला पाय सोडून, गळ्यात अडकवलेला हात छातीशी, दुसऱ्या हातानं सीटची स्प्रिंग घट्ट धरून. सायकल जराशी डुगडुगली आणि निघाली. वाटेत टहरौलीकडची एक म्हातारी भाजी घेऊन बसायची. तिनं बुंदेलीत विचारलंच, यांना कुठे नेतेस म्हणून, “काय बिन्नू, इनखों किते लै जा रईं?”

“कारखाने, अम्मा! गिर जाएँ तो उठा लेना!” आई न थांबता म्हणाली. हे आम्हांला बाबांनीच संध्याकाळी सांगितलं, आणि सांगताना त्यांना स्वतःलाच हसू आवरेना.

तरी कारखान्याच्या फाटकापर्यंत न्यायची त्यांनी बंदी घातली होती. अलीकडच्या वळणावर, पिंपळाखाली उतरायचे आणि चालत जायचे. मग एकदा भोंगा व्हायला आला होता आणि समोरून धुळीचं वादळ आलं. वळण कुठे, पिंपळ कुठे, काही दिसेना. आई पायडल मारत राहिली ती एकदम फाटकाशी थांबली. धूळ खाली बसली तेव्हा बाबांचं सगळं खातं तिथे उभं होतं.

कोणीतरी ओरडलं, “वाह भाई, सवारी आ गई!”

बाबा उतरले. कपडे झटकले. “ड्रायवर घर का है,” ते म्हणाले, “तुम लोग अपना देखो.”

हशा पिकला. आईनं पदर खोचला आणि शाळेची वाट धरली. त्या दिवसापासून बाबा फाटकापर्यंत जायला लागले.

पुढच्या थंडीत मैदानावर कानपूरच्या भाभीजी आल्या. मग त्यांची जाऊ, मग बबीन्याहून बदलून आलेल्या एका फौजीची बायको. कॅरिअर धरायला आई असायची, आणि तीही कोणी ओरडल्याशिवाय सोडायची नाही.

प्लास्टर त्याआधीच निघालं होतं, पण बाबांचं मनगट पूर्वीसारखं वळेना. उजवा ब्रेक नीट दाबता यायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलं, सावकाश चालवा. तेव्हा सकाळी दोघं बरोबर निघायला लागले. बाबा रस्त्याच्या कडेनं, आई त्यांच्या उजवीकडे, ट्रक यायचे त्या अंगाला.

“तू आतून चाल ना,” बाबा म्हणायचे.

“माझे दोन्ही ब्रेक लागतात,” आई म्हणायची.

बाबा निवृत्त होईपर्यंत ते तसेच जात राहिले. मी खिडकीतून बघायची. बोलत जायचे, कधी भांडत. वळणावर बाबा हात दाखवायला विसरायचे, मग आईच दोघांचा मिळून हात दाखवायची.