गाळ बसेपर्यंत

माझे थोरले दीर लिफ्ट दुरुस्त करतात. बाहेर मोठे निष्णात, पण घरात त्यांचं बूड एका जागी टेकत नाही. सरळ लावलेली फोटोफ्रेमही येता-जाता सरळ करतील. म्हणूनच जाऊबाई ऑपरेशनला निघाल्या तेव्हा औषधांचं नाही, किल्ल्यांचं नाही, एकच सांगून गेल्या, यांना माझ्या वाइनला हात लावू देऊ नकोस.

वाइन म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली दहा लिटरची काचेची बरणी. द्राक्षं कुस्करून झाल्यावर अंघोळ करताना जाऊबाईंना काखेत गाठ लागली होती. ती काढून तपासायला पाठवली. रिपोर्ट येईपर्यंत वाट बघणं आलं, आणि भाऊजींना नेमकं तेच जमत नाही.

पहिल्याच दिवशी बरणीतले आंबण्याचे बुडबुडे थांबले आणि भाऊजींचं धाबं दणाणलं. जाऊबाईंनी फोनवरून सांगितलं, गारठलीय, गुंडाळा. त्यांनी स्वतःचं ब्लँकेट बरणीला दिलं. बुडबुडे सुरू झाले. मग सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला. पुन्हा फोन. खालचा गाळ तसाच ठेवून वरची वाइन नळीने दुसऱ्या बरणीत घेतली, वारा लागला, वास गेला. इथे थांबले असते तर ते भाऊजी कसले? आंबट लागली म्हणून कुणाला न विचारता साखर घातली. दुसऱ्या दिवशी झाकण उडालं आणि छताला लाल ठिपके पडले. तिला सांगू नकोस, म्हणाले. मी लगेच सांगितलं.

तेही निभावलं, पण वाइन काही नितळ होईना. बुडबुडे कधीच संपले, तरी आपली गढूळच. भाऊजींनी द्राक्षांना दोष दिला, बरणीला दिला, मग मला दिला.

जाऊबाई घरी आल्या आणि टाके सांभाळत स्वयंपाकघरात बसल्या. खिडकीच्या कट्ट्यावर बरणीच्या बुडाचं लालसर वर्तुळ उमटलं होतं. ते बघून त्यांनी विचारलं, "रोज उचलून इथे आणता?"

"उजेडात धरल्याशिवाय कळणार कसं, गाळ बसला की नाही?"

"उचलता म्हणूनच बसत नाही. आधी तुम्ही बसा."

भाऊजी स्टुलावर बसले, दोन्ही हात मांडीखाली घालून. रिपोर्टला अजून चार दिवस होते. दर थोड्या वेळाने ते दवाखान्यात फोन करू का विचारायचे, आणि जाऊबाई नको म्हणायच्या. मला भाऊजींचा भयंकर राग यायचा. खरं तर ते उठले की माझीच नजर आधी फोनकडे जायची. बरणी मात्र वरून बोट बोट नितळ होत गेली.

चौथ्या दिवशी फोन वाजला. जाऊबाईंनीच घेतला, बराच वेळ ऐकला, मग खाली ठेवला.

"साधी गाठ होती," त्या म्हणाल्या.

भाऊजी उठले, तडक कोपऱ्यात गेले, बरणी छातीशी धरून खिडकीत आणली. "बघ, कशी झालीय बघ," म्हणेपर्यंत तळाचा गाळ भसकन वर आला आणि सगळी बरणी गढूळ झाली. मी कपाळावर हात मारला. भाऊजी बरणी तशीच धरून उभे होते.

"ठेवा खाली," जाऊबाई म्हणाल्या. "बसेल पुन्हा. आता वेळ आहे."