नुकुमाराचं पाणी

स्पृहा मूळची मिरजेची. कोल्हापूरला रसायनशास्त्रात एमएस्सी करून ती डॉक्टरेटसाठी जर्मनीतल्या एर्लांगेनला आली, तेव्हा पॅसिफिक महासागर म्हणजे तिच्या लेखी नकाशावरचा एक निळा पट्टा होता. तिला मिळालेला प्रोजेक्ट नेमका त्या निळ्या पट्ट्यातल्या एका बेटाचा निघाला. नुकुमारा नावाचं प्रवाळबेट, एका संध्याकाळी पायी हिंडून संपेल एवढंसं. तिथली माणसं पाणी कुठलं पितात, मासे कुठले खातात आणि त्यातलं काय काय त्यांच्या अंगात उतरतं, याचा अभ्यास तिची संस्था करत होती.

स्पृहा दोनदा तिथे गेली आणि दोन्ही वेळा महिनोन्‌महिने राहिली. मुक्काम चर्चच्या हॉलला लागून असलेल्या खोलीत, आणि जेवण मेलेच्या घरी. मेले ही बेटावरची एकुलती एक नर्स. तिनं शब्द टाकला म्हणून आयांनी आपल्या मुलांची बोटं स्पृहासमोर धरली, आणि रक्ताचे ठिपके कागदावर वाळवून स्पृहानं ते जर्मनीला आणले. मेलेची पाच वर्षांची लोसा तर रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी होती. सुई टोचल्यावर ती रडली नाही, फक्त स्पृहाकडे रागानं बघत राहिली.

बेटावर नदी नाही, ओढा नाही. पत्र्यावर पडलेलं पावसाचं पाणी टाकीत साठवायचं आणि तेच वर्षभर पुरवायचं. सगळ्यांत मोठी टाकी हॉलच्या मागे होती. बालवाडी हॉलमध्येच भरायची, त्यामुळे मुलं त्याच टाकीचं पाणी प्यायची. स्पृहाही तेच प्यायली. गार, गोडसर पाणी होतं. उन्हातून आल्यावर ती दोन दोन ग्लास एका दमात संपवायची.

दुसऱ्या खेपेहून परत आली आणि थोड्याच दिवसांत तिला दिवस गेल्याचं कळलं. नवरा वेदांग जवळच्याच हेर्त्सोगेनआउराख गावातल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत होता. त्यानं त्याच संध्याकाळी पुण्याला आईला फोन लावला, आणि दिवाळी उरकून सरलाताई मुलाकडे येऊन दाखल झाल्या. सोबत डिंकाचे लाडू आणि खारकेची पूड. स्पृहानं मेलेलाही कळवलं, तर उलट टपाली मेलेनं बेटावरच्या बायकांचं गाणंच रेकॉर्ड करून पाठवलं.

संस्थेत तिनं गरोदर असल्याचं सांगितलं त्या दिवसापासून मुटरशुट्सच्या, म्हणजे गरोदर बायकांच्या संरक्षणाच्या, नियमांप्रमाणे तिला लॅबमध्ये पाऊल टाकायला बंदी झाली. ॲसिडं हाताळायची नाहीत, टेबलाशी बसून फक्त आकडे बघायचे. नमुने लॅबमधला सहकारी यंत्रात घालायचा आणि निकाल तिच्या स्क्रीनवर उमटायचे.

त्या सकाळी बाहेर धुकं इतकं दाट होतं की खिडकीतून सायकलस्टँडही दिसत नव्हता. स्पृहानं बालवाडीतल्या मुलांच्या रक्ताचे निकाल उघडले. ती पारा शोधत होती, कारण मोठ्या माशांतून पारा येतो आणि अभ्यास मुख्यतः त्याचाच होता. पारा ठीकठाक होता. शिशाच्या रकान्यावर मात्र तिची नजर अडकली. तिथले आकडे असे होते, की एर्लांगेनमधल्या एखाद्या मुलात त्यांच्या निम्मे जरी सापडले असते, तरी डॉक्टरांनी घरातले नळ उखडून बघितले असते.

तिला वाटलं, यंत्रच बिघडलं असणार. तिनं सहकाऱ्याला ते नमुने पुन्हा लावायला सांगितले. दुपारी पुन्हा तेच आकडे आले. मग तिनं पाण्याचे निकाल उघडले. बाकीच्या टाक्यांत शिसं जवळजवळ नव्हतंच. हॉलमागच्या टाकीत होतं, आणि भरपूर होतं.

ती जे शिकली होती तेच आता तिच्या अंगावर धावून आलं. शिसं रक्तातून ओसरतं, पण अंगातून सहजी जात नाही. हाडांत जाऊन दडून बसतं. आणि बाई गरोदर राहिली, की बाळाची हाडं घडवायला आईची हाडं कॅल्शियम सोडतात, त्याच्याबरोबर दडलेलं शिसंही सुटतं आणि वार ओलांडून बाळाच्या कोवळ्या मेंदूपर्यंत पोचतं. परीक्षेत तिनं हे कितीदा लिहिलं असेल. आता बाळ पोटात वळवळायला लागलं होतं. एरवी ते हललं की ती हातातलं काम ठेवून हसायची. त्या दुपारी ते हललं आणि तिनं पोटावर हात ठेवून शिशाचे आकडे पुन्हा वाचले.

ती थेट प्रोफेसर ब्रेनिंगर यांच्याकडे गेली. ब्रेनिंगरबाई संस्थेच्या प्रमुख, साठीच्या आसपासच्या, तोलून मापून बोलणाऱ्या. त्यांनी निकाल शांतपणे वाचले.

"दुसऱ्या लॅबकडून खात्री करून घेऊ," त्या म्हणाल्या. "मग तिथल्या आरोग्य खात्याला कळवू. आपला करार तसाच आहे."

"त्याला किती वेळ लागेल?"

"काही आठवडे."

"तोवर मुलं तेच पाणी पितील."

ब्रेनिंगरबाईंनी चष्मा काढला. "तिथे आता कोरडा मोसम आहे. टाकी बंद करायला सांगितली, तर ते कुठलं पाणी पितील?"

उत्तर स्पृहाला माहीत होतं. बेटावर एक जुनी विहीर होती. पाणी मचूळ, आणि बाजूलाच डुकरं पाळलेली. त्या पाण्यातले जंतू तिनं स्वतः मोजले होते.

"आम्ही एकदा अशी घाई केली होती," ब्रेनिंगरबाई म्हणाल्या. "दुसऱ्या बेटावर. आमचा निकाल चुकीचा होता. लोकांनी टाकी सोडून विहिरीचं पाणी प्यायला सुरुवात केली आणि जुलाबांची साथ आली. शिसं हळूहळू मारतं, स्पृहा. जुलाब दोन दिवसांत तान्हं मूल नेतात."

त्या दिवसापासून तिच्या मनात दोन भीती एकमेकींशी भांडायला लागल्या. सांगितलं नाही तर मुलं विष पीत राहणार. सांगितलं तर कदाचित ती विहिरीवर जाणार. आणि या दोन्हींच्या तळाशी तिची स्वतःची भीती होती, जी ती कुणाजवळ बोलत नव्हती. तिनं फ्राउएनआर्त्स्टिनकडे, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे, जाऊन शिशाच्या तपासणीसाठी रक्त दिलं. गरोदरपणात ही तपासणी कुणी सहसा मागत नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनी दोनदा कारण विचारलं. निकाल यायला वेळ लागणार होता.

घरी सरलाताईंच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. सुनेनं नळाचं पाणी सोडून बाटल्या आणायला सुरुवात केली, तांब्याच्या भांड्यातलं पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं. खारकेची पूड घातलेलं दूध तिच्या घशाखाली उतरेना.

"स्पृहा, माझ्या हातचं काही खायचं नाहीये का तुला?" एका संध्याकाळी त्यांनी विचारलंच.

"तसं नाही हो, आई," म्हणता म्हणता स्पृहा ओट्याला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. मग टाकी, मुलं, हाडं, सगळंच बाहेर पडलं. वेदांग नुकताच बसमधून उतरून आला होता, तो जॅकेट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"निकाल येऊ दे म्हटलं."

सरलाताई तिच्या शेजारी फरशीवर बसल्या. बराच वेळ त्या नुसत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

स्पृहानं डोळे पुसले. "मी आज मेलेला फोन करणार आहे."

वेदांगचा चेहरा उतरला. "ब्रेनिंगरनी थांबायला सांगितलंय ना? हे बघ, विचार कर. तुझा कॉन्ट्रॅक्ट त्यांच्या हातात आहे. तुझा व्हिसाही त्याच्यावरच आहे. आत्ता, या दिवसांत."

"बरोबर बोलतोय तो," सरलाताई म्हणाल्या. "तू स्वतःचं बघ आधी. बाकीचं बघायला मोठी माणसं आहेत."

दोघंही भ्यायले होते आणि तिच्यासाठीच भ्यायले होते, हे तिला कळत होतं. तरी जेवणं झाल्यावर तिनं बेडरूमचं दार लावून फोन केला. नुकुमाराला तेव्हा सकाळ झालेली होती. मागे कोंबडे आरवत होते.

तिनं काही लपवलं नाही. आकडे सांगितले, अजून खात्री व्हायची आहे हेही सांगितलं. विहिरीचा धोका सांगितला. उकळून शिसं जात नाही हेही सांगितलं.

मेलेनं विचारलं, "शिसं म्हणजे तेच ना, जे पुरुष जाळ्यांना लावायला वितळवतात?"

"कुठे वितळवतात?"

"हॉलच्या मागे. सोलरच्या जुन्या बॅटऱ्या फोडून. त्या बाजूला वारा कमी असतो."

स्पृहाच्या डोळ्यांसमोर ते सगळं उभं राहिलं. चुलीवर तापणारं भांडं, धूर हॉलच्या पत्र्यावर जाऊन बसणारा, पत्र्यावरून टाकीत उतरणारं पाणी, आणि आजूबाजूला मातीत खेळणारी मुलं. शनिवारी येणारा तो वास तिनंही घेतला होता. कुणीतरी कचरा जाळतंय असं तिला वाटायचं.

"लोसाचं किती आलंय?" मेलेनं विचारलं.

"माझ्याकडे नावं नाहीत, मेले. फक्त नंबर आहेत. नावांची यादी तुमच्या आरोग्य खात्याकडे आहे."

"पण जास्त असलेल्यांत ती असू शकते."

"हो."

मेले म्हणाली, "तू पण तेच पाणी प्यायलीस." आणि फोन ठेवताना, "टाकीचं मी बघते. विहिरीकडेही कुणाला जाऊ देत नाही. पाद्रीबाबांच्या घरची टाकी आहे, शहाळी आहेत."

त्यानंतरचे दिवस स्पृहानं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. संस्थेत ब्रेनिंगरबाई समोर आल्या की तिची मान खाली जायची. बेटावर मेलेनं टाकीच्या नळाला कुलूप घातलं होतं. पुरुष तिच्यावर चिडले होते, कारण शिशाशिवाय जाळी बुडत नाहीत. पाद्रीबाबांची टाकी भराभर उतरत होती.

आणि मग एका दुपारी मेसेज आला. मेलेच्या शेजारणीचं तान्हं मूल जुलाबांनी मलूल पडलं होतं. पाद्रीबाबांकडे रांग फार म्हणून त्या बाईनं विहिरीचं पाणी वापरलं होतं. बोट त्याला घेऊन मोठ्या बेटावरच्या हॉस्पिटलकडे निघाली होती.

त्या मुलाला स्पृहानं मांडीवर घेतलेलं होतं. ते गेलं तर ते तिच्या फोनमुळे गेलं असं होणार होतं. ती उठली आणि ब्रेनिंगरबाईंच्या खोलीत जाऊन तिनं सगळं सांगून टाकलं.

ब्रेनिंगरबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुम्ही मला विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी नाहीच म्हटलं असतं." मग त्यांनी फोन उचलला आणि तिच्यादेखतच त्या देशाच्या आरोग्य खात्याला लावला. दुसऱ्या लॅबच्या निकालाची वाट न बघता, पाणी घेऊन बोट पाठवा, अशी विनंती केली. स्पृहाकडे न बघता त्यांनी तिला घरी जायला सांगितलं.

मूल वाचलं. सलाईन लागलं आणि दोन रात्री झगडून ते वाचलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या लॅबनं निकाल पक्का केला. पाणी घेऊन बोट आली, हॉलचा पत्रा धुतला गेला, टाकी रिकामी करून घासली गेली, मागची माती उकरून दूर पुरली गेली. पुरुषांनी जाळ्यांना दगड बांधायला घेतले, नाइलाजानं. स्पृहाचा कॉन्ट्रॅक्ट ब्रेनिंगरबाईंनी वाढवला, पण बेटाशी बोलण्याचं काम तिच्याकडून काढून घेतलं. त्या दोघी पुढे एकत्र कॉफी कधी प्यायल्या नाहीत.

स्पृहाच्या रक्तात शिसं निघालं. नको तेवढं, पण औषध द्यावं इतकं नाही. कॅल्शियम घ्या, पुन्हा तपासू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाळाला काही होईल का, या प्रश्नावर त्यांनी प्रामाणिकपणे खांदे उडवले.

वसंतात मुलगी झाली. वेदांगनं तिचं नाव ऊर्जा ठेवलं. नाळेच्या रक्तातही थोडं शिसं होतं. सरलाताईंनी परतीचं तिकीट दोनदा पुढे ढकललं. नात झोपली की त्या तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायच्या, आणि स्पृहा आली की बोट मागे घ्यायच्या.

आरोग्य खात्यानं घरोघरी निकाल कळवले. लोसाचा आकडा वरच्यांपैकी होता. नंतरच्या तपासणीत तो बराच खाली आला. ते सांगायला मेलेनं आपणहून फोन केला.

"रक्तातून गेलं," ती म्हणाली, "पण हाडांतून?"

"ते हळूहळू जातं. वर्षं लागतात."

"लोसा आकडे मोजताना चुकते. आधीही चुकायची का ते मला आठवत नाही. रोज आठवायला बघते."

स्पृहाच्या मांडीवर ऊर्जा होती. खुळखुळा वाजवला तर ती मान वळवते का, हे बघायचा चाळा स्पृहाला लागला होता. दिवसातून कितीदा, याला हिशोब नव्हता. तिनं ते मेलेला सांगितलं.

"वळवते?" मेलेनं विचारलं.

"वळवते. पण आज सकाळी एकदा नाही वळवली."

"भूक लागली असेल," मेले म्हणाली. त्यानंतरही दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.